बरणीवरचं नाव

मी मूळची पालीची आन् दिलेली बी पालीतच. माहेर वस्तीच्या या टोकाला आन् सासर त्या टोकाला, आईनं हाक मारली तर सासूनं ओ द्यावी इतकं जवळ, मनून माहेरपण काय असतं ते मला ठावंच न्हाई. दारातून बिंदुसरेच्या धरणाचं पाणी दिसतं. नाव कौशल्या. कौशल्या ओव्हाळ. तुमी ल्हेयला बसलाव तर नाव पुरं ल्ह्या ताई, आडनाव सोडू नगा. कावून मनता? त्याचीच तर सगळी गोष्ट हाय, सांगते.

आमी बौद्ध. आजा नागपूरला दीक्षेला गेलता, तितून आला तो घरातले देव पाण्यात सोडूनच जेवला मनत्यात. बाप पाटकरी व्हता, धरणाच्या पाटाचं पाणी कुणाच्या रानात कवा सोडायचं ते बघायचा. मोठमोठे शेतकरी त्याला रस्त्यात थांबवून बोलायचे, पाणी पाहिजे ना, मग बोलावंच लागतंय. पण घरी बोलवायचे न्हाईत, बोलवलं तरी दारातच. बाप कायबी मनायचा न्हाई. फक्त आमा लेकरांना एक गोष्ट घोटून घोटून शिकवली त्यानं, पुरं नाव ल्हेयाचं. निस्तं कौशी न्हाई, कौशल्या न्हाई, पुरं. पाटीवर, दगडावर, जितं जागा घावंल तितं. मला वाटायचं हा काय येडेपणा. आता कळतंय.

मंदा माज्याच वर्गात व्हती. तिच्या बापाचं रान पाटाच्या कडंला, मोठे शेतकरी, वाड्यावर माणसं राबायची. पण मंदाला त्याचं कायबी न्हवतं. शाळेच्या मागं बसून ती माज्या डब्यातलं खायची आन् मला तिच्यातलं द्यायची, आन् मनायची कौशे, तुज्या आईची येसर आमच्या घरच्यापेक्षा भारी हाय, पण घरी सांगू नको हं. मी कशाला सांगते. आमी दोघी हसायचो. ती बीडला दिली, मोठ्या घरात, नवऱ्याला पुढारपणाचा नाद. मी हितंच. पण तिनं वळख सोडली न्हाई, हे बी खरं हाय, खोटं कशाला बोलू. मी बीडला गेले की तिच्या घरी चहा घ्यायचे, सगळ्यांना त्याच कपात मला बी. हे मी गावभर सांगत फिरायचे. मोठेपणा मला वाटायचा, तिचा बी आन् मपला बी.

तर येसर. तुमाला म्हाईत असंल, गहू, हरबऱ्याची डाळ, धने, खोबरं, मिरची, सगळं वेगवेगळं भाजायचं, एकाला जाळ कमी, एकाला जास्त, मग दळायचं. पाण्यात कालवून फोडणीत टाकली की आमटी झाली. आईची सासूची मिळून मपली एक तऱ्हा झाली. आमचे मालक गेवराईकडच्या एका शाळेत शिपाई, आठवड्याला घरी येत्यात, जाताना डबा भरून येसर न्यायचे तर तितले मास्तर लोक मागून घ्यायचे. मंदानं एकदा खाल्ली आन् मनली, कौशे, हे इकू की आपण. तू कर, मी बीडमधी खपवते, माज्या वळखी कशाला हायत. मला तर आकाश ठेंगणं झालं.

लेबल करायचं काम प्रज्ञाचं. प्रज्ञा मपली लेक, बीडला कंप्युटरच्या दुकानात कामाला जाती. एक क्लास बंद पडला तितला जुना प्रिंटर तिनं घरी आणला, शाईचा, कुरकुर कुरकुर करायचा जणू खाट ओढतंय कुणी. चिकट कागद घालायचा, वर पालीची येसर, मधी मिरचीचं चित्र, खाली बनवणार कौशल्या ओव्हाळ, पाली. पहिलं लेबल निघालं तवा सासू जित्ती व्हती, तिला वाचता येत न्हवतं, तिनं नावावरून बोट फिरवलं आन् बोटाला निळं लागलं. शाई वली व्हती. सगळ्या हसल्या. पण मला तितंच कळलं, हे टिकायचं न्हाई.

आन् न्हाईच टिकलं. येसर म्हणजे तेलाचा माल, खोबऱ्याचं तेल सुटतं, भरताना हात तेलकट, त्या हातानं बरणी धरली की मिरचीचं चित्र गालावर लाली फासल्यागत पसरायचं. पाण्याचा थेंब पडला की अक्षरं पळाली. मग आमी मायलेकींनी काय काय केलं, काय सांगू तुमाला. आदी सेलोटेप लावली. तिच्यात हवेचे फुगे, आन् कडंला धूळ बसून काळी रेघ. मग प्रज्ञानं दुकानातून ल्यामिनेशन करून आणलं, ते इतकं ताठ की गोल बरणीवर बसंचना, सकाळी बघावं तर लेबल उडून खाली पडलेलं. मग रंगाच्या दुकानातून वार्निशचा फवारा आणला, पारदर्शक. पहिल्यांदा जवळून मारला, भसकन, तर शाई वितळून नावाचे ओघळ आले. मला रडू आलं. प्रज्ञा मनली आई थांब, आदी शाई दिवसभर वाळू दे, मग हात लांब धरून हलका हलका मारू, एक वाळला की दुसरा. तसं केलं तर जमलं, पण वास! येसरीच्या बरणीला वार्निशचा वास आला तर कोण खातंय? मग अंगणात लांब दोरीवर, चड्ड्या वाळू घालाव्या तसे लेबलांचे कागद लटकवायचो, ऊन खाऊ द्यायचो, आन् बरणीला लावायचो ते सगळं झाल्यावर.

रिकाम्या बरण्या परत यायच्या. आपल्याकडं बरणी टाकत कोण न्हाई, धुऊन परत भरायची ही रीतच हाय, बीडच्या बाया बी मंदाकडं आणून द्यायच्या आन् मंदा पोत्यात घालून ॲपे रिक्षानं पालीला धाडायची. त्या बरण्या आल्या की मी आदी लेबल बघायचे. रंग टिकला, मिरची टिकली, पालीची येसर टिकलं. पण खाली मपल्या नावावर खरचटलेलं. ओव्हाळवर. कधी अर्धं, कधी पुरं पांढरं.

मला वाटलं, आपली बाई बरणी उचलती तर आंगठा तितं येतो. आंगठ्याचं नख लागत असंल. मग मी प्रज्ञाला मनलं नाव वर घे, झाकणाच्या खाली. तिनं घेतलं. पुढच्या खेपंच्या बरण्या आल्या, ओरखडा बी वर गेलेला. मी मनलं झाकण उघडताना नख लागतंय. मग नाव मिरचीच्या बाजूला घेतलं. तितं बी. प्रज्ञा माज्याकडं बघाया लागली, मनली आई, ओरखड्याला वाचता येतं का? मी तिच्या अंगावर धावले. मनलं ॲपेत बरण्या बरण्याला घासत्यात, पुठ्ठे घालाया पाहिजेत मधी. पुठ्ठे घातले. मंदाला फोन केला, मनलं, ताई, लेबल खरचटतंय, तुमच्याकडं बरण्या कशा ठेवता? लोकांम्होरं मी तिला ताईच मनायचे. ती मनली, कौशे, लोकं कशीबी हाताळत्यात गं, तू नको लई मनाला लावून घेऊ, माल चांगला हाय ना, बास. किती गोड बोलली! मला वाटलं बघा, ही मपली मैत्रीण, मला धीर देती.

शेवटी एक विलाज घावला. लेकरांच्या पुस्तकांना लावत्यात ते चिकट कव्हर, पातळ, पारदर्शक. लेबलापेक्षा बोटभर मोठं कापायचं, मनजे कडा कागदावर न्हाई, बरणीवर चिकटती. बरणी आदी कोरड्या फडक्यानं लख्ख पुसायची, तेलाचा थेंब ऱ्हायला तर धरत न्हाई. आन् एका बाजूनं सुरू करून फडक्यानं दाबत दाबत दुसऱ्या बाजूला जायचं, मधूनच दाबलं तर फुगा. लई जिकिरीचं, पण बसलं की असं बसलं, मी चाकूच्या पाठीनं घासून बघितलं, कायबी झालं न्हाई. पाण्यात ठेवून बघितलं. तेलाचा हात फिरवला. मी वस्तीत दाखवत फिरले. मनलं आता ओव्हाळ कोण पुसतंय बघते.

कव्हर लावलेली पहिली खेप ॲपेनं गेली, पण दुसऱ्या खेपेला ॲपेवाला लग्नाला गेलता, मनून मी सोताच पोतं घेऊन बीडला गेले. मंदाच्या पोराचं लग्न नुकतंच झालेलं. मला बोलावणं न्हवतं, घाईघाईत उरकलं कौशे, मनली व्हती. मी मानलं, मोठ्या घरात असतंय असं बी. तर नवी सून मी बघितलेली न्हवती आन् तिनं मला बघितलेलं न्हवतं. मंदा देवळात गेलती. मागचं दार उघडं, मी पोतं घेऊन मागच्या अंगानं गेले तर सून ओट्यावर बसलेली, म्होरं मपल्या बरण्या, आदल्या खेपंतल्या, कव्हर लावलेल्या. हातात ब्लेड.

मला बघून पोरगी गोड हसली. बसा मावशी, येसर आणली व्हय, आत्याबाई येतीलच. मी बसले. ती ब्लेडनं खरडायली व्हती आन् बोलायली व्हती. मनली, मावशी, त्या बनवणाऱ्या बाईला जरा सांगा ना, या वेळी लई घट्ट बसवलंय, निघता निघत न्हाई. आदी नखानं निघायचं, आता बघा ब्लेड घ्यावं लागतंय, नख मोडलं माजं. तिनं बोट दाखवलं मला. खरंच मोडलं व्हतं.

मी इचारलं, काय काढता?

ती मनली, ते आडनाव. आत्याबाई मनत्यात नाव असलं की बरण्या खपत न्हाईत, बाया घेऊन परत करत्यात. आन् सहज सांगितलं हो तिनं, दूध उतू गेलं सांगावं तसं. तिच्या मनात कायबी न्हवतं. उलट मनली, येसर मातर लई भारी असती, आमच्यात रोज लागती. पाणी आणते थांबा, मनून आत गेली. मी तिच्या मागं सैपाकघराच्या दारापतूर गेले. तिनं माठातून पाणी घेतलं. फळीवर येसरीची बरणी व्हती. लेबल पिवळं पडलेलं, सेलोटेपचं, पहिल्या खेपंचं. ती बरणी मी मंदाला भेट दिली व्हती, इकायची न्हवती, तिच्या घरासाठी, मी सोताच्या हातानं. ती कुठल्या ॲपेत घासली न्हवती, कुण्या गिऱ्हाइकानं हाताळली न्हवती. तिच्यावर बी कौशल्याच्या पुढं पांढरं.

ताई, तवा मला काय झालं सांगता येत न्हाई. इतकी वर्सं मी वार्निश मारते, कव्हर चिटकवते, पुठ्ठे घालते, नाव वर घेते, खाली घेते, आन् हितं एक बाई निवांत बसून नख चालवती. पहिल्या दिवसापासून. मी लोकांच्या आंगठ्याला दोष देते, ॲपेला दोष देते, आन् जिनं खरडलं तिलाच फोन करून इचारते की ताई लेबल कसं टिकवावं. हसाया यावं का रडाया?

तितक्यात मंदा आली. हातात पूजेचं ताट. मला बघितलं, मग सुनेच्या हातातलं ब्लेड बघितलं. तोंडावरचा रंगच गेला. मनली, कौशे, येण्याआदी फोन करायचा ना. बघा, पहिलं बोलणं काय तर फोन करायचा. मनजे झाकून ठेवलं असतं.

मग लई बोलली. मी न्हाई मानत गं असलं कायबी, तुला म्हाईतच हाय, आपण एका डब्यात जेवलोत. पण लोकांचं काय करू? तुजं नाव बघून कॉलनीतल्या बाया हात मागं घेत्यात, मग तुजी येसर घरीच सडली असती. मी तुज्या भल्याचंच केलं. तुला वाईट वाटंल मनून सांगितलं न्हाई. सगळं एका दमात, ताट तसंच हातात धरून.

मी तिला ताई मनले न्हाई. मनलं, मंदे, लोकांच्या बरण्यांचं ऱ्हाऊ दे. ही फळीवरची कुणासाठी खरडली? हितं कोण गिऱ्हाईक येतंय?

तिनं ताट खाली ठेवलं. मग मनली, घरात देवाधर्माची माणसं येत्यात. मनजे बघा, लोकांचं काय करू, बाया हात मागं घेत्यात, माणसं येत्यात, दर वेळेला दुसरं कुणीतरी. मंदा सोता कुठंच न्हाई. मी मनलं, तुला मपलं नाव नगं व्हतं तर तोंडावर सांगायचं. मी भांडले असते, रडले असते, पण मला कळलं तरी असतं. मी तुला मैत्रीण समजून लेबल जपत बसले.

तर मनली, पण तुजा धंदा चालला का न्हाई? माज्यामुळंच ना?

त्या एका बोलण्यानं मपलं सगळं तुटलं. मी पोतं उचललं, भरलेलं तसंच. सून रडाया लागली व्हती, बिचारीला आत्ता कळलं मी कोण ते. मनली मावशी, मला म्हाईत न्हवतं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिचं काय चुकलं, नवी पोरगी, सासूनं ब्लेड हातात दिलं तर घेणारच.

घरी आले, प्रज्ञाला सांगितलं. ती तोंड फिरवून प्रिंटरची तार गुंडाळत बसली. मालक आले तर त्यांनी ऐकून घेतलं आन् मनले, आडनाव काढून टाकू, निस्तं कौशल्या येसर ल्हेऊ, आपल्याला पोटाशी मतलब. मंदाम्होरं आलं न्हाई तितकं रडू मला त्यांच्याम्होरं आलं. मनलं, तुमी बी ब्लेडच घ्या हातात. ते सकाळी उठून सोताच बरण्या पुसाया बसले. माणूस वाईट न्हाई, थकलेला हाय.

मंदाचा निरोप येतो अजून. मधी एका बाईच्या हाती सांगितलं, कौशीला मनावं आता खरडणार न्हाई, तिनंच आडनाव टाकू नये मनजे झालं, पुन्हा सुरू करू. मनजे खरडायचं काम बी मीच करायचं, छापायच्या आदीच. मी त्या बाईला चहा पाजला आन् वाटं लावलं.

आता मी सोता बाजारात बसते. बीडला, कधी धारूरला बी जाते, खाली पाल टाकते आन् बरण्या मांडते, नाव म्होरं करून. कुणी येतं, झाकण उघडून वास घेतं, खूश होतं, मग बरणी फिरवून वाचतं. काही घेत्यात. काही हळूच खाली ठेवत्यात आन् शेजारच्या पालावरची लसूण बघाया लागत्यात. पहिल्यांदा काळजात चर्र व्हायचं. आता न्हाई. त्यांचा मला राग येत न्हाई ताई, खरं सांगते. ते मपल्या डोळ्याम्होरं ठेवत्यात बरणी. आन् ते मपले कोण हायत? रस्त्यानं जाणारे. मंदा मपली व्हती.

माल पहिल्याइतका जात न्हाई. अर्धा बी न्हाई. बरण्या घरीच ऱ्हात्यात फळीवर वळीनं, आन् लेबलं अशी हायत ना, नवी कोरी, एक रेघ न्हाई कुठं. लोक मनत्यात बाई किती छान टिकलंय, काय लावता? मी मनते कव्हर लावते. खरं काय ते सांगू? घरात बसलेल्या बरणीला कोण हात लावतंय मनून टिकलंय.

मंदाची सून पोटुशी हाय मनत्यात. सुखरूप मोकळी होवो पोरगी, लेकरू चांगलं होवो. मंदाचं बी वाईट मी चिंतत न्हाई, चिंतावं वाटतं कधी कधी, पण न्हाई चिंतत. तिच्या घरातली येसर केव्हाच संपली असंल. तिला दुसरी कुणाची चालायची न्हाई, लहानपणापासून जीभ मपल्याच घरची लागलीय. येऊ दे मागाया, मी न्हाई मनणार न्हाई. पण बरणी नावासकट घ्यावी लागंल, आन् पाव्हणं आल्यावर बी फळीवर तशीच ठेवावी लागंल, नाव म्होरं करून. मी एक बरणी तिच्यासाठी बाजूला काढून ठेवते दर खेपेला. दर खेपेला तीच परत बाजारात न्यावी लागती.